‘तसे विचार मनात येतात, म्हणजे मी वाईट का?’

घर भाड्याने देणारे घरमालक असोत, की मुलाच्या परप्रांतीय मैत्रिणीला भेटायला कचरणारे आईवडील, माझ्या समुपदेशन कक्षाचे दार लागले की एकच प्रश्न चाचरत विचारला जातो: “त्या लोकांविषयी मनात नको ते येतं, मी मनाने वाईट आहे का?”

बोरिवलीच्या सुलभाताईंनीही (नाव बदलले आहे) तोच विचारला. दलालाने त्यांच्या रिकाम्या फ्लॅटसाठी मिझोरमच्या दोन परिचारिका सुचवल्या होत्या. त्यांना न भेटताच बाईंनी नकार कळवला आणि मग बाईंचीच झोप उडाली. 2014 साली दिल्लीत निडो तानिया या अरुणाचली तरुणाची टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला, तेव्हा त्या हळहळल्या होत्या.

“भीती कशाची वाटली?”

“रात्री-अपरात्रीच्या येण्याजाण्याची. आणि त्यांच्या स्वयंपाकाचा वास.”

“रात्रपाळी तर मराठी नर्सलाही असते. आणि वास?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. लग्नानंतर घर शोधताना, मासे खाणारे म्हणून एका सोसायटीने त्यांना दारातूनच परतवले होते. “सुके बोंबील भाजणार नाही, असं लिहून द्यायलाही आम्ही तयार होतो हो. त्यांनी आमचं नावसुद्धा विचारलं नाही.”

नवख्या समुपदेशकाला इथे काम फत्ते झाल्यासारखे वाटले असते. पण लगेच त्या म्हणाल्या, “म्हणजे मीही तितकीच नीच.” मी थांबलो ते या वाक्यापाशी. मी विवेकनिष्ठ विचारसरणीचा आहे. मूल्यमापन कृतीचे करावे, अख्ख्या माणसाचे नव्हे, हा या विचारसरणीचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आग्रह मला पटतो.

“न पाहिलेल्या मुलींवर शिक्का मारलात, तसाच आता स्वतःवर मारताय,” मी म्हटले.

त्या चमकल्या, मग पहिल्यांदाच हसल्या. आपण नीच ठरू या धास्तीने माणूस पूर्वग्रह तपासत नाही, तो ‘सोसायटी काय म्हणेल’ या सबबीआड लपवतो, हे मी वारंवार पाहिले आहे. अर्थात, स्वतःला नीच न मानल्याने नकार योग्य ठरत नाही. त्याची झळ त्या मुलींना लागली होती आणि तो मागे घेणे बाईंच्याच हाती होते. तेव्हा इतर भाडेकरूंना विचारता तेच प्रश्न यांना विचारा आणि पोलीस पडताळणीही सर्वांसारखीच करा, एवढेच मी सुचवले. त्यांनी दलालाला फोन केला आणि मुली राहायला आल्या.

केवळ शेजार मात्र पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 सालीच मांडले होते, की बरोबरीच्या नात्याने, समान उद्दिष्टासाठी एकत्र काम केले आणि त्याला संस्थेचा पाठिंबा असला, तर पूर्वग्रह ओसरण्याची शक्यता वाढते. घरमालकीण आणि भाडेकरू हे काही बरोबरीचे नाते नव्हे. म्हणून तिघींनी मिळून सोसायटीच्या गणपतीत प्रसादाचे काम घ्यावे, असे मी सांगितले आणि समितीनेही ते मान्य केले. विसर्जनानंतर बाईंचा तणतणत फोन आला: धाकटी हिशेबात फार काटेकोर, पाच रुपयांसाठी वाद घालते, थोरलीबद्दल मात्र काही तक्रार नव्हती.