दोन वेगळ्या संस्कृतींचे, एकमेकांशी न पटणारे पोलिस: अशा सिनेमांत परक्याची टिंगलच असते का?

तुम्ही विचारलंय की असे सिनेमे शेवटी परक्या माणसाची खिल्लीच उडवतात, मग ते लोकांना एवढे आवडतात कसे. खिल्ली असते, नाकारत नाही. पण हसू नक्की कोणावर फुटतं ते बघा. मी एकच सिनेमा घेतो, १९९८ चा 'रश अवर'. होस्टेलच्या टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला, त्यानंतर किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही.

लॉस एंजेलिसमध्ये चिनी वाणिज्यदूताची लहान मुलगी पळवली जाते. तिचे वडील हाँगकाँगहून विश्वासातल्या इन्स्पेक्टर लीला (जॅकी चॅन) बोलावून घेतात. एफबीआयला तो मध्ये नको असतो, म्हणून त्याला शहरभर फिरवत ठेवायचं काम स्थानिक पोलिसांतल्या तोंडाळ कार्टरला (क्रिस टकर) दिलं जातं. गंमत म्हणजे कार्टरही त्यांना नकोच असतो. जोडी खरं तर तिथेच जमते, दोघांना कळायला वेळ लागतो इतकंच.

विमानतळावर कार्टर एकेक शब्द तोडून, ओरडून विचारतो की माझ्या तोंडातून निघणारे शब्द कळतायत का तुला? ली नुसता हसतो. आपणही हसतो, बिचाऱ्याला इंग्रजी येत नाही म्हणून. मग थोड्या वेळाने ली सरळ इंग्रजीत सांगतो की येत नाही असं मी म्हटलंच नव्हतं, तूच तसं धरून चाललास. तिथे कार्टरबरोबर प्रेक्षकही पकडला जातो. मीही गेलो होतो.

दुसरा प्रसंग पूल खेळायच्या बारमधला. कार्टर तिथल्या कृष्णवर्णीय ओळखीच्यांना ज्या शब्दाने हाक मारतो, तोच शब्द ली अगदी नम्रपणे बारमनला म्हणतो, आणि हाणामारी सुरू होते. आपल्याकडे जिवलग मित्र एकमेकांना शिवी घालूनच हाक मारतात. तीच शिवी पाहुण्याने दिली तर काय होईल? शब्द तोच, पण तो उच्चारायचा हक्क नात्यातून येतो. हे सांगायला सिनेमाने एक वाक्यही खर्च केलेलं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो चायनाटाऊनमधल्या हॉटेलबाहेर पाळत ठेवून बसल्याचा प्रसंग. दोघं चिनी जेवण खातायत आणि माझे वडील मोठे पोलिस की तुझे यावरून शाळकरी पोरांसारखे भांडतायत. भांडता भांडता कळतं की दोघंही पोलिसाची मुलं. कार्टरचे वडील ड्यूटीवर असताना मारले गेले, जोडीदाराने साथ दिली नाही म्हणून. कार्टरला कुणासोबत काम का करायचं नसतं, ते इथे उलगडतं. मग ली त्याला समोरच्याच्या हातातलं पिस्तूल हिसकावून घ्यायची युक्ती शिकवतो आणि तो लीला नाचायला शिकवतो.

दुसऱ्या भागात (२००१) कार्टर हाँगकाँगला जातो, म्हणजे आता परका तो. ही उलटापालट मला पटली. तिसऱ्यात (२००७) मात्र 'यू' आणि 'मी' या चिनी नावांवरून इंग्रजीत लांबलचक गोंधळ आहे. तिथे कुणाचा गैरसमज उघडा पडत नाही, कुणी काही शिकत नाही, नुसत्या नावाला हसायचं. तुमचा आक्षेप तिथे शंभर टक्के खरा आहे, आणि मला तो प्रसंग बघवत नाही.

पहिला भाग पुन्हा बघितलात तर श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. चुकलेले शॉट्स त्यातच आहेत. त्यात चिनी वाक्य म्हणताना टकर पुन्हा पुन्हा अडखळतो, आणि समोर जॅकी चॅन असतो.