कुणी विचारलं तर काय सांगू?

त्यांनी तीन उत्तरं पाठ करून ठेवली होती. दुकानात कुणी हटकलं तर ‘बायकोसाठी बघतोय’. बायकोला का नाही आणलं असं विचारलं तर ‘तिला सरप्राइज द्यायचंय’. आणि साइझ एवढा मोठा कसा असं विचारलं तर ‘नाटकासाठी हवेत’. तिन्ही उत्तरं त्यांनी मला पहिल्याच भेटीत म्हणून दाखवली आणि विचारलं, “मॅडम, यातलं कुठलं खरं वाटतं?”

वय ४१. लग्नाला चौदा वर्षं झालेली, हिशेबाच्या कामातली नोकरी, बोलणं मोजकं. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्यांना बायकांचे कपडे घालावेसे वाटतात. घरी कुणी नसताना दोन-तीन तास स्कर्ट, टॉप घालून बसतात, पुस्तक वाचतात, घर आवरतात, मग कपडे बदलून पुन्हा रोजच्या आयुष्यात येतात. ‘क्रॉसड्रेसर’ हा शब्द त्यांनी स्वतःच उच्चारला आणि लगेच मान खाली घातली. नवीन कपड्यांच्या दुकानात पाय टाकायची हिंमत होत नव्हती, म्हणून त्यांनी जुन्या कपड्यांचं दुकान, थ्रिफ्ट स्टोअर, गाठायचं ठरवलं होतं. तिथे तीनदा गेले. चौथ्यांदा दारातूनच परत फिरले आणि त्यानंतर समुपदेशनासाठी माझ्याकडे आले.

‘दुकानात कुणी ओळखलं, विचारलं, हसलं तर?’ हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. म्हणून त्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कपड्यांच्या आधी एक गोष्ट निकालात काढावी लागली. “मला काही रोग आहे का?” हे त्यांनी दुसऱ्या भेटीत विचारलं, तेही उठून दाराशी गेल्यावर. मी त्यांना परत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, विरुद्धलिंगी कपडे घालण्यावरून निदानं होती. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ती काढून टाकली आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या पुस्तिकेतही नुसत्या कपडे घालण्याला विकार म्हटलेलं नाही. तिथे लैंगिक उत्तेजनेबरोबरच त्या माणसाला मोठा त्रास होत असेल किंवा त्याचं जगणं अडत असेल, तरच निदान होतं. कपड्यांच्या आवडीवरून माणूस कुणाकडे आकर्षित होतो हे ठरत नाही आणि तो स्वतःला पुरुष मानतो की स्त्री, हेही ठरत नाही. काहींना पुढे आपली पुरुष की स्त्री ही ओळखच वेगळी असल्याचं उमगतं, बऱ्याच जणांना तसं काही वाटत नाही. हे गृहस्थ स्वतःला पुरुषच मानतात. मी एवढंच सांगितलं आणि ते बराच वेळ गप्प बसले. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं त्यांनी हा प्रश्न कुणालाही न विचारता काढली होती.

मग त्यांनी खरेदीची हकीकत सांगितली. माझ्या मते खरी गोम तिथेच होती. दुकानात शिरायचं, बायकांच्या कपड्यांच्या रांगेजवळून दोनदा नुसतं जायचं, तिसऱ्यांदा जाताना हाताला लागेल तो हँगर ओढायचा, पुरुषांच्या दोन शर्टांमध्ये दडवायचा, पैसे द्यायचे आणि बाहेर पडताच पावती फाडून टाकायची. सगळं मिळून पाच मिनिटं. घरी येऊन घातलं की खांद्यात काचायचं नाहीतर कंबरेत चढायचंच नाही. आरशात बघून स्वतःचीच किळस यायची. मग एका रात्री सगळे कपडे पिशवीत भरून टाकून द्यायचे, ‘आता पुन्हा नाही’ म्हणून शपथ घ्यायची. काही महिन्यांनी पुन्हा तेच दुकान, पुन्हा तीच पाच मिनिटं.

घ्यायचं, टाकायचं, पुन्हा घ्यायचं हे चक्र क्रॉसड्रेसिंग करणाऱ्या फार जणांच्या आयुष्यात असतं. माणसं त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी आजवर एकही कपडा निवडलेला नव्हता. पळताना जे हाती लागलं ते उचललं होतं. न निवडलेला कपडा बसत नाही, न बसलेला कपडा ‘बघ, हे तुझं नव्हेच’ असं म्हणतो आणि लाजेला आयता पुरावा मिळतो.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीला मीही त्यांना म्हटलं होतं, “भेटवस्तू आहे असं सांगा ना, कोण तपासायला बसलंय?” हेतू चांगला होता. पण पुढच्या वेळी ते अधिकच धास्तावून आले. खोटं सांगायचं म्हटलं की ते सांभाळावं लागतं. बायकोचा साइझ काय, रंग कुठला आवडतो, सगळ्याची तयारी. माझ्या सल्ल्यानं त्यांच्या पाठांतरात चौथ्या उत्तराची भर पडली होती. मी तो सल्ला त्यांच्यासमोरच मागे घेतला.

त्याऐवजी आम्ही खोलीत दुकान मांडलं. मी दुकानातली बाई झाले. “काय दाखवू? कुणासाठी हवंय?” ते गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मग मी त्यांना विचारलं, “पँट घ्यायला गेल्यावर मागे मागे फिरणाऱ्या माणसाला काय सांगता?” ते चटकन म्हणाले, “बघतोय, लागलं तर सांगतो.” आणि थांबले. हे वाक्य खोटं नव्हतं, अपुरं नव्हतं आणि त्यांनी आयुष्यात शंभरदा वापरलेलं होतं. त्या दिवशी ते वाक्य त्यांनी आठ-दहा वेळा म्हटलं. शेवटी शेवटी तर माझ्याकडे न बघता, समोरच्या काल्पनिक हँगरवर बोट फिरवत म्हणाले, अगदी गिऱ्हाइकासारखे. ‘स्वतःसाठीच’ हे उत्तरही तयार ठेवलं. ते द्यायची सक्ती मात्र नव्हती. काय विकत घेतोय याचा खुलासा कुठलंही गिऱ्हाईक दुकानाला देणं लागत नाही.

लोक बघतात का, याबद्दल मी त्यांना एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाजिरवाणं वाटेल असा एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावायचा आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. नंतर विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घालणाऱ्याला वाटायचं, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनाच तो चेहरा कुणाचा ते सांगता आलं. हिशेबातला माणूस, लगेच म्हणाले, “म्हणजे चारातल्या एकानं पाहिलंच.” बरोबर होतं. कुणीच बघत नाही असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते खरं नसतं. एखादा बघेल. आमचं काम त्या एकाच्या नजरेखाली उभं राहायचं होतं.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना गृहपाठ दिला, माप घ्यायचा. त्यांनी स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं. लेबलवरच्या आकड्यावर किंवा अक्षरावर भिस्त ठेवून खरेदी करत होते. आणि बायकांच्या कपड्यांचे आकडे तर कंपनीगणिक बदलतात. त्यात जुन्या कपड्यांच्या दुकानात वेगवेगळ्या काळातले कपडे एकाच रांगेत टांगलेले असतात, त्यामुळे दोन सारख्या आकड्यांच्या स्कर्टांत बोटभर, कधी चार बोटं फरक निघतो.

ते एक चिठ्ठी घेऊन आले. छाती १०४, कंबर ९२, सीट १००, खांदा ४७, सगळं सेंटीमीटरमध्ये, अक्षर जमाखर्चाच्या वहीतल्यासारखं. कंबर कुठे मोजली विचारलं तर म्हणाले, बेल्ट बांधतो तिथे. बायकांच्या बऱ्याच कपड्यांची कंबर त्याहून वर, बेंबीच्या जरा वर बसते. पुन्हा मोजली तर ८८ भरली. इतकी वर्षं स्कर्ट घसरायचा किंवा अडायचा तो चार सेंटीमीटरच्या या गफलतीमुळेही, हे कळल्यावर त्यांनी चिठ्ठीवरचा आकडा खोडला आणि शेजारी नवा लिहिला. किळस जिथे भरून राहिली होती तिथे एक साधी चूक सापडली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांचं खरं काम सुरू झालं.

मग आम्ही टप्पे ठरवले. पहिल्या फेरीत काहीच घ्यायचं नाही, नुसतं वीस मिनिटं दुकानात राहायचं. भीती शून्य ते दहात किती, हे मनात नोंदवायचं. भीती चढत असतानाच पळालं तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. थांबलं तर बहुतेकदा ती आपोआप उतरायला लागते. त्यांची नऊवर गेली आणि बाहेर पडताना पाचवर होती. दुसऱ्या फेरीत कपड्यांना हात लावायचा, शिवण बघायची. तिसऱ्या फेरीत टेप काढायची.

टेपचं तंत्र सोपं आहे आणि ट्रायल रूम नसेल तिथे तेच उपयोगी पडतं. टॉप सपाट पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायची. ती बेरीज आपल्या छातीपेक्षा चार-पाच सेंटीमीटरनी तरी जास्त हवी. कापड ताणलं जाणारं असेल तर कमी चालते. पुरुषी खांद्यांना कडक शिवणीची बाही मुंढ्यात काचते. गळ्यापासून तिरकी निघणारी रॅग्लन बाही किंवा मऊ विणीचं कापड सोसतं. खालून घेर असलेला किंवा इलॅस्टिकच्या कंबरेचा स्कर्ट सरळ नितंबांमुळे अडत नाही. जुना कपडा म्हणून काखेत डाग आहेत का, चेन वरपर्यंत जाते का, अस्तर उसवलंय का हे उजेडात धरून बघायचं आणि घरी आणल्यावर आधी धुवायचं. परत घेतात का, ते पैसे द्यायच्या आधी विचारायचं. हे सगळं करायला वेळ लागतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं. टेप हातात असलेला माणूस पळत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर ते आले तेव्हा प्रथमच खुर्चीत मागे टेकून बसले. गडद हिरवा स्कर्ट घेतला होता. फोनवर फोटो दाखवला, त्यात स्वतः नव्हते, नुसता पलंगावर पसरलेला स्कर्ट. खालच्या दुमडीला एका जागी किंचित वेगळ्या हिरव्या दोऱ्यानं हातशिलाई केलेली होती. “कुणीतरी नीट वापरलाय हो हा,” ते म्हणाले. बायकांचा शर्टही घालून पाहिला होता. काउंटरवर “हे कुठे घालून बघू?” एवढंच विचारलं, तिथल्या मुलीनं मान वर न करता कोपऱ्यातली खोली दाखवली. आत शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळली. बटणं डाव्या बाजूला, काजं उजव्या बाजूला, पुरुषांच्या शर्टाच्या बरोब्बर उलट. “चाळीस वर्षांची सवय आहे ना बोटांना,” असं म्हणत त्यांनी मला हवेत बटण लावून दाखवलं. शर्ट खांद्यात बसला नाही म्हणून तो त्यांनी परत टांगला. मला या परत टांगण्याचा स्कर्टहून जास्त आनंद झाला. नको असलेली गोष्ट त्यांनी प्रथमच शांतपणे ‘नको’ म्हटली होती.

सगळी भीती मनातलीच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी लोक टोमणे मारतात, काही ठिकाणी त्याहून वाईट घडू शकतं, आणि आपल्या भोवतालचा अंदाज आपल्यालाच जास्त असतो. वर्दळ कमी असताना जावं. ट्रायल रूमबद्दल विचारून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही अवघड वाटत नाही. सामायिक खोली असेल तर अंगातल्या पातळ टी-शर्टवरूनच कपडा अजमावावा. कुणी अपमान केला तर हातातलं ठेवून निघून यावं. ते पळणं नव्हे. विश्वासातलं कुणी माहीत असेल तर पहिल्या वेळी सोबत न्यावं. यांना तसं कुणी नव्हतं.

म्हणजे होतं, पण तिला माहीत नव्हतं. बायकोला सांगायचं का, हा प्रश्न स्कर्ट कपाटात आल्यावर जास्त टोकदार झाला. पूर्वी कपडे टाकून दिले की प्रश्नही पिशवीतून जायचा. आता टाकायचं नव्हतं, तर ठेवायचं कुठे? मी त्यांना सांगायची घाई केली नाही. कुणालाही करत नाही. पण एक म्हटलं, “तिला कपाटात स्कर्ट सापडला तर ती ‘क्रॉसड्रेसिंग’ असा विचार करणार नाही. तिच्या मनात दुसरी बाई येईल.” हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. चेहरा एकदम उतरला. स्वतःच्या लाजेपुढे तिच्या बाजूनं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

परवा आले तेव्हा मापांच्या त्या चिठ्ठीच्या मागे त्यांनी एक वाक्य लिहून आणलं होतं. “मला तुला एक सांगायचंय, यात दुसरं कुणी नाही.” पुढचं जमत नाहीये म्हणाले. पुढच्या गुरुवारी दीड तास राखून ठेवला आहे. बायकोच्या खुर्चीत मी बसणार आहे.