रंगमंचावरच्या जादूतून व्यवसायाने काय घ्यावे आणि काय घेऊ नये

रंगमंचावरील जादूतून आणि जादूगारांच्या सादरीकरणातून व्यवसायासाठी खरोखर काही शिकता येते का, की ही केवळ व्याख्यानांत शोभणारी तुलना आहे, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे हौसेने जादूचे प्रयोग करतो आणि उपजीविकेसाठी विक्री व ग्राहकसेवेचे काम करतो, त्यामुळे या प्रश्नाचा विचार मला दोन्ही बाजूंनी करावा लागला आहे. शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे माझे ठाम मत आहे. मात्र बहुतेक लोक ते जिथे शोधतात तिथे ते नाही.

व्यवसायातील माणसे जादूगाराकडे वळतात ती सहसा लक्ष दुसरीकडे वळवण्याची युक्ती शिकण्यासाठी, आणि नेमकी तीच गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी नसते. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हाच त्याने फसण्याला आनंदाने संमती दिलेली असते. ग्राहकाने तशी संमती कधीच दिलेली नसते. अटी बारीक अक्षरांत दडवणे, वर्गणी बंद करण्याचे बटण सापडू न देणे, किंवा जादूगार ‘कोणताही पत्ता घ्या’ म्हणत ठरलेलाच पत्ता हाती देतो त्याप्रमाणे तीन पर्याय मांडून प्रत्यक्षात एकाच पर्यायाकडे लोटणे, याला कौशल्य म्हणण्यास मी तयार नाही. प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनीने (1874–1926) आयुष्याची अखेरची वर्षे मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांचा बुरखा फाडण्यात घालवली आणि 1926 मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकाच्या बाजूने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. त्या माध्यमांच्या कित्येक क्लृप्त्या रंगमंचावरील जादूगारांच्याच होत्या. त्यांच्यासमोर बसलेल्या शोकाकुल माणसांना मात्र आपण एक प्रयोग पाहत आहोत याची कल्पना नव्हती. हुडिनीचा सगळा राग या एका फरकावर होता आणि व्यवसायातील प्रामाणिकपणाची सीमाही मला तिथेच दिसते.

ही सीमा मान्य केली की उरलेले सारे मोलाचे आहे. जादूगार प्रेक्षकाचे लक्ष चुकवतो असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्ष सरावात तो ते एका ठिकाणी आणून ठेवत असतो. उजव्या हातातील नाणे डाव्या हातात गेले असे भासवायचे असेल, तर जादूगाराने स्वतः डाव्या हाताकडे पाहावे लागते, कारण प्रेक्षक जादूगाराच्या नजरेमागोमाग जातो. आणि स्वतःचा विश्वास नसताना टाकलेली नजर लगेच उघडी पडते. प्रत्येक क्षणी पाहण्याजोगी एकच गोष्ट ठेवायची, ही शिस्त त्यातून येते. फ्रान्सचा जादूगार रोबेर-उदँ (1805–1871) हा मूळचा घड्याळे बनवणारा कारागीर. त्याने 1845 मध्ये पॅरिसच्या पॅले-रॉयाल भागात आपले नाट्यगृह उघडले, तेव्हा जमिनीपर्यंत कापड सोडलेली मेजे आणि चकाकणाऱ्या साहित्याचे ढीग मांडण्याची रीत होती. त्याने ते सारे काढून टाकले, त्या काळच्या सभ्य गृहस्थाचा संध्याकाळचा पोशाख घातला आणि एखाद्या घरच्या दिवाणखान्यासारखे नेपथ्य उभे केले. मेजाखाली लपायला जागाच दिसेना, तेव्हा अचंबा वाढला. उत्पादनाची दहा वैशिष्ट्ये एकाच पानावर ओतणाऱ्या प्रत्येक सादरीकरणापुढे मला हे उदाहरण ठेवावेसे वाटते: काढून टाकल्याने विश्वास वाढतो, कारण दडवण्याजोगे काही नाही हे समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर फार कमी बोलले जाते. जादूगार आपली पद्धत झाकतो, पण परिश्रम मात्र नेहमीच झाकतो असे नाही. कोणते श्रम दिसू द्यायचे आणि कोणते नाही, हे तो विचारपूर्वक ठरवतो. 17 मार्च 1904 रोजी लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात हुडिनीने एका वृत्तपत्राच्या आव्हानावरून, खास घडवलेल्या हातकड्या घालून घेतल्या. सुटायला त्याला एक तासाहून अधिक वेळ लागला. मधूनमधून तो पडद्याआडून बाहेर येई; गुडघ्यांखाली त्याला उशी देण्यात आली; एकदा तर चाकू दातांत धरून त्याने अंगावरचा कोट कापून काढला. हा सामना आधीच ठरलेला होता की खरा, यावर जादूगारांत आजही वाद आहे. काही असले तरी त्याच कड्या त्याने मिनिटभरात उघडल्या असत्या, तर कड्याच कच्च्या होत्या असे प्रेक्षक म्हणाले असते.

चौदा वर्षांनी, जानेवारी 1918 मध्ये, त्याने न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये जिवंत हत्ती अदृश्य केला. साधनसामग्रीच्या दृष्टीने हा प्रयोग कितीतरी मोठा होता, परंतु त्या अवाढव्य नाट्यगृहातील बहुसंख्य प्रेक्षकांना हत्ती ज्या पेटीत शिरला तिच्या आतले नीट दिसतच नव्हते. हुडिनी म्हणताच आज लोकांना बेड्या आठवतात, हत्ती क्वचितच आठवतो. हत्ती जाताना किंवा येताना कोणी झगडले नव्हते, आणि आठवण झगड्याची राहते. हार्वर्डमधील रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधनही याच दिशेचे आहे: प्रवासाची तिकिटे शोधणाऱ्या संकेतस्थळावर शोधाचे काम कसे चालले आहे हे डोळ्यांसमोर दिसत असेल, तर थांबावे लागूनही लोकांना ती सेवा अधिक मोलाची वाटते. माझ्या कामात मी हे सातत्याने पाहतो. दुरुस्ती मुकाट्याने करून वस्तू परत देणारा कारागीर आणि काय बिघडले होते, काय बदलले हे दोन वाक्यांत सांगणारा कारागीर यांचे काम सारखेच असते, पण ग्राहक पुन्हा जातो तो दुसऱ्याकडे. मात्र दाखवलेले श्रम खरे असले पाहिजेत. काम क्षणात पूर्ण झालेले असताना पडद्यावर खोटी फिरती चकती दाखवणे म्हणजे पुन्हा संमतीविना केलेली जादूच होय.

जे श्रम दिसू द्यायचे नसतात, ते तयारीचे. चांगला जादूगार पुढे काय घडणार आहे हे आधी जाहीर करत नाही, कारण पत्ता चुकीचा निघाला तर त्याच्यापाशी दुसरा शेवट तयार असतो आणि तोही फसला तर तिसरा. इंग्रजी बोलणारे जादूगार यांना ‘आउट’ म्हणतात. प्रेक्षकाला एकच प्रयोग दिसतो, जादूगाराने मात्र तीन बसवलेले असतात. व्यवसायात आपण वचन आधी देतो, त्यामुळे ही मोकळीक आपल्याला नाही. पण म्हणूनच माल वेळेवर पोहोचला नाही किंवा प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्र बंद पडले तर काय करायचे, याची तालीम आपल्याला अधिक लागते. संकटकाळची योजना कागदावर पुष्कळ ठिकाणी असते. तिची तालीम कोणी केलेली असेल, असे मी क्वचितच पाहिले आहे.

गाजावाजाविषयी थोडक्यात सांगतो. पी. टी. सेल्बिट या जादूगाराने जानेवारी 1921 मध्ये लंडनमध्ये पेटीतल्या स्त्रीला करवतीने कापण्याचा प्रयोग प्रथम जाहीरपणे केला आणि प्रसिद्धीसाठी नाट्यगृहाबाहेर रुग्णवाहिका फिरवल्या. भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या कार्यक्रमात तरुणीला यांत्रिक करवतीने कापले. ती उठून बसण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली आणि घाबरलेल्या प्रेक्षकांनी बीबीसीकडे दूरध्वनींचा भडिमार केला. ही वेळ जाणूनबुजून साधली होती असे मानणारे अनेक आहेत. सरकार यांच्या लंडनमधील प्रयोगांना याचा मोठा लाभ झाला. तरीही मी हा धडा व्यवसायाला सुचवणार नाही. भीती एका रात्रीचे तिकीट विकू शकते. ज्या ग्राहकाने वर्षानुवर्षे परत यावे असे आपल्याला वाटते, त्याला आधी घाबरवून मग दिलासा देणे परवडणारे नाही.

याच प्रयोगाच्या इतिहासात गुपितांविषयीचा एक अतिशय उपयुक्त धडा दडला आहे. सेल्बिटनंतर अमेरिकेत हॉरेस गोल्डिनने स्वतःची आवृत्ती आणली आणि नक्कल करणाऱ्यांना रोखण्यासाठी 1923 मध्ये तिचे पेटंट मिळवले. पेटंटचे तत्त्वच असे आहे की ठरावीक काळाच्या हक्काच्या बदल्यात पद्धत जगासमोर उघड करावी लागते. 1933 मध्ये सिगारेट विकणाऱ्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने आपल्या जाहिरातीत हाच प्रयोग कसा होतो ते छापले. गोल्डिन न्यायालयात गेला आणि 1938 मध्ये हरला, कारण त्याने स्वतःच पेटंटमध्ये उघड केलेली गोष्ट गुपित उरलेली नव्हती. दरम्यान गोल्डिन पेटीशिवाय, उघड्यावर फिरणाऱ्या यांत्रिक करवतीच्या प्रयोगाकडे वळला होता. पी. सी. सरकार यांचा प्रयोग त्याच परंपरेतला. कोणती गोष्ट पेटंटने राखायची आणि कोणती गुपित म्हणून, हे नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी ठरवायला हवे; आणि गुपित फुटले तरी हाती काही राहील, अशी पुढची आवृत्ती तयार होत असली पाहिजे.

सरावलेल्या कामातील धोक्याविषयी चुंग लिंग सू या नावाने वावरणाऱ्या विल्यम रॉबिन्सनचे उदाहरण पुरेसे आहे. बंदुकीची गोळी पकडण्याचा प्रयोग तो वर्षानुवर्षे करत होता. 23 मार्च 1918 च्या रात्री लंडनमध्ये, बंदुकीच्या झिजलेल्या भागातून स्फोटक दारूची आग आत शिरल्याने, कधीच सुटू नये अशी गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. शेकडो वेळा सुरळीत पार पडलेली प्रक्रिया त्या शेकडो वेळांमुळेच झिजत असते, हे कोणत्याही कारखान्याच्या व्यवस्थापकाने लक्षात ठेवावे.

शेवटी वारशाचा मुद्दा, कारण छोट्या व्यवसायांत तो बहुधा टाळला जातो. त्या काळचा अमेरिकेतील अग्रगण्य जादूगार हॅरी केलर निवृत्त झाला तो गुपचूप नव्हे. मे 1908 मध्ये बाल्टिमोरच्या रंगमंचावर, प्रेक्षकांसमक्ष, त्याने हॉवर्ड थर्स्टनला आपला वारस म्हणून पुढे केले. व्यवहार आधीच झाला होता, थर्स्टनने केलरचा कार्यक्रम विकत घेतला होता. पण साहित्य विकत घेता येते, प्रेक्षकांचा विश्वास तसा घेता येत नाही, आणि केलरने तो स्वतः, सर्वांसमोर थर्स्टनकडे सोपवला. पुढे सुमारे अडीच दशके थर्स्टन मोठ्या रंगमंचावर टिकला. आपल्या व्यवसायात पुढची व्यक्ती कोण हे आपल्याला माहीत असेल, तर आपण अजून कामावर असतानाच ते ग्राहकांनाही त्या व्यक्तीच्या उपस्थितीत सांगावे, असे मी आपल्याला सुचवेन.