स्पीकर नोव्हेंबरमध्ये घ्या, पण जूनचा हप्ता भरू नका

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, खासगी नोकरी, वर्षाचा पगार साडेनऊ लाख, हातात महिन्याला ६६ हजार. घरी आई आहे आणि ती पूर्णपणे त्यांच्यावर अवलंबून आहे. दोन मित्रांबरोबर ते गिटार वाजवतात, कधी कॅफेत, कधी हळदीला, कधी सोसायटीच्या कार्यक्रमात. घरी रियाजाला आणि बाहेर कार्यक्रमाला चालतील असे १२ इंची, ‘२००० वॉट’चे दोन पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प्लिफायर असलेले) त्यांनी पसंत केलेत. जोडी ९२ हजारांची, क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: ईएमआय नऊ महिन्यांचा घेऊ की बारा?

पत्राच्या शेवटी मात्र दोन ओळी आहेत. ‘कार्डावर ७८ हजार बाकी आहेत, पण मिनिमम नियमित भरतो. बचत खात्यात १ लाख १० हजार आहेत, पण ते जूनमध्ये बँकेच्या एफडीचा हप्ता भरायला ठेवलेत.’

एफडीला दरवर्षी हप्ता नसतो, म्हणून मी कागद मागवले. तुम्ही पाठवलेल्या पहिल्याच पानावर विमा कंपनीचं नाव आहे, पॉलिसी क्रमांक आहे आणि विम्याची रक्कम १० लाख असं छापलंय. ही एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. दहा वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे आणि २०३९ मध्ये साधारण १६ लाख घ्यायचे. त्या १६ लाखांत बोनसही धरलाय आणि त्याची हमी नाही. बँकेतल्या मॅडमनी ‘दहाचे सोळा, म्हणजे ६० टक्के फायदा’ असं सांगितलं. पैसे पंधरा वर्षांपर्यंत अडकतात हे धरून हिशेब केला तर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. बँकेच्या काउंटरवर बसून विम्याला एफडी म्हणणं ही फसवणूक आहे, आणि ती दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या पत्रात दिसते याचा मला मनापासून संताप येतो.

‘टॅक्स वाचेल’ हेही तुम्हाला सांगितलं होतं. नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची ८०सी ची वजावट मिळतच नाही, आणि २०२५-२६ पासून त्या प्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. तुमचा पगार साडेनऊ आहे. म्हणजे ही पॉलिसी तुमचा एक रुपयाही कर वाचवत नाही.

आता कार्ड. ७८ हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे सुमारे २,७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,२००. तुम्ही दरमहा ३,९०० भरता, त्यातून मुद्दल कमी होतं जेमतेम ७०० रुपयांनी. वर्षाला ३८ हजारांच्या आसपास तुम्ही फक्त व्याजापायी घालवताय, आणि त्याच वेळी बचत खात्यात १ लाख १० हजार पडून आहेत, ज्यावर वर्षाला तीनेक हजार मिळत असतील. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी टळते. व्याज थांबत नाही. उलट बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पेट्रोल भरलं तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू.

तेव्हा हे उत्तर वाचून झाल्यावर पहिलं काम: बचत खात्यातून कार्डाची पूर्ण बाकी भरून टाका. ४२ टक्क्यांचं कर्ज फेडण्याइतकी खात्रीची गुंतवणूक तुम्हाला कुणीही देऊ शकणार नाही.

मग जूनच्या हप्त्याचं काय? भरू नका. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेत, त्यामुळे पॉलिसी सगळी बुडत नाही. कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागवा: आज बंद (सरेंडर) केली तर हातात किती, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर २०३९ मध्ये किती. पेड-अपचा ढोबळ हिशेब सोपा आहे: दहापैकी दोन हप्ते भरले म्हणून दहा लाखांचे दोन लाख. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. गेलेले दोन लाख बाजूला ठेवून फक्त इथून पुढचं पाहिलं तर चित्र थोडं बरं दिसतं, पेड-अपचे दोन लाख वगळले तरी उरलेल्या आठ हप्त्यांवर वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. ‘आता इतके भरलेत तर पूर्ण करा’ असं एजंट म्हणतील ते याच आधारावर. पण तेवढं पीपीएफही देतं, आणि तिथे वर्षाला लाखाची सक्ती नाही. ही सक्तीच तुम्हाला कार्डाकडे घेऊन गेली आहे.

मॅडमनी व्हॉट्सॲपवर ‘स्पेशल एफडी’ असं लिहून पाठवल्याचं तुम्ही म्हणता. तो संदेश जपून ठेवा आणि त्याच्यासह बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. पॉलिसी परत करण्याची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे सगळे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका. पण लेखी पुरावा असलेल्या तक्रारीला वजन असतं. कंपनीने दाद दिली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

आणि आई. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून त्यांना मिळणार दहा लाख, म्हणजे तुमचा एका वर्षाचा पगार. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) तुमच्या वयाला वर्षाला बारा-पंधरा हजारांत येतो. कार्ड फेडून उरलेल्या ३२ हजारांतून तो आधी घ्या. तो हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी सरेंडर करू नका.

आता स्पीकर. ‘दोन महिन्यांत स्पीकर स्वतःचे पैसे वसूल करेल’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचेच आकडे घेऊ. गेल्या सीझनला अकरा कार्यक्रम, तुमचा वाटा प्रत्येकी अडीच हजार, एकूण साडेसत्तावीस हजार. पेट्रोल, तारा, प्रॅक्टिस रूमचं भाडं वजा जाता वीस हजार उरले. त्या गतीने ९२ हजार वसूल व्हायला साडेचार वर्षं लागतील. शिवाय अकरापैकी सहा ठिकाणी साउंडवाल्याची किंवा कॅफेची यंत्रणा होतीच. उरलेल्या पाचांना १,५०० रुपये भाडं दिलंत, म्हणजे साडेसात हजार. स्पीकर घेतला म्हणून कार्यक्रम वाढत नाहीत.

तरी घ्या, आनंदासाठी घ्या, गिटार हा तुमच्या आयुष्यातला चांगला भाग आहे. पण जोडी नको, एकच. आणि वॉटच्या आकड्यामागे लागू नका. खोक्यावरचे २००० वॉट बहुधा पीक, म्हणजे क्षणभराचे, असतात, सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. यामाहाचंच उदाहरण घ्या: डीबीआर१० हा दहा इंची, ७०० वॉटचा, डीबीआर१२ बारा इंची, १००० वॉटचा. कमाल आवाज १२९ आणि १३१ डेसिबल. फरक दोन डेसिबलचा, पण वजन साडेदहा किलोच्या जागी जवळजवळ सोळा. तुम्ही स्कूटरवरून जाता, त्यामुळे वजनाचा आकडा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. तीस-चाळीस माणसांच्या कॅफेला दहा इंची भरपूर होतो. घरी रात्री तर स्पीकरचा आवाज इतका खाली ठेवावा लागेल की तो कुठला आहे याने फरक पडणार नाही. तिथे गिटारच्या प्रोसेसरला (आवाजाला इफेक्ट देणाऱ्या यंत्राला) हेडफोन लावा. इलेक्ट्रिक गिटार वाजवताना प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार ॲम्पच्या स्पीकरची नक्कल, मात्र चालू ठेवा. गिटार ॲम्पचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, पॉवर्ड स्पीकर सगळंच बाहेर काढतो, आणि डिस्टॉर्शन कानाला नुसतं टोचतं.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज किमतीत लपलेलं असतं. रोखीची सूट जाते, व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. महिना १०,२०० ईएमआय परवडतो असं तुम्हीच म्हणालात. तेच १०,२०० आणि कार्डाचे ३,९००, असे १४ हजार जूनपासून वेगळ्या खात्यात टाका. नोव्हेंबर संपता ८४ हजार होतात. त्यातून ४६ हजारांचा एक स्पीकर रोखीने घ्या, सूट मागून घ्या. उरलेले ३८ हजार अडीअडचणीला राहू द्या आणि महिन्याचे १४ हजार टाकणं पुढेही चालू ठेवा, निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके साठेपर्यंत. दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि प्रोसेसर बरोबर न्या, आणि दहा इंची व बारा इंची शेजारी ठेवून दोन्ही एकाच आवाजावर ऐका.