कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीत पहिली को-ऑप (शिकता शिकता करायची पगारी नोकरीची टर्म) शोधतोयस ना, मग हे वाच

अरे नोकऱ्यांच्या मेन राउंडमध्ये कुठल्या कंपनीशी मॅच नाही झाला म्हणून खचू नकोस, त्यानंतरही वॉटरलूवर्क्सवर (युनिव्हर्सिटीच्या जॉब पोर्टलवर) पोस्टिंग येत राहतात, रोज बघत जा आणि फक्त टोरोंटोच्या मोठ्या नावांमागे लागू नकोस, पहिल्या टर्मला छोट्या कंपनीत खरं काम हातात येतं. इंटरव्ह्यूनंतर कंपन्यांचं रँकिंग करताना मित्रांचं ऐकून नको, जिथं इंटरव्ह्यूत मॅनेजर नीट बोलला तिथं वरचा नंबर दे. सिन नंबर (कॅनडात काम करायला लागणारा सरकारी नंबर) आधीच काढून ठेव, जॉब दुसऱ्या गावात असेल तर चार महिन्यांचं सबलेट (दुसऱ्या भाडेकरूकडून तेवढ्यापुरती घेतलेली खोली) लवकर शोध, डिपॉझिट भरायच्या आधी खोली बघ. आणि कामात अडलास तर बिनधास्त विचार, दिवसभर गप्प बसून राहू नकोस! केलेलं काम रोज लिहून ठेव, पुढच्या रेझ्युमेला तेच लागतं.