गोव्यातल्या मानकुराद आंब्याची वेगवेगळी दिसणारी झाडं एकाच जातीची आहेत का, हे डीएनए मार्करने कळतं का?

बार्देश आणि डिचोलीतल्या मानकुरादची फळं रंगाला, आकाराला वेगळी निघतात, मग खरी कुठली, असं तुम्ही विचारलंय. मार्करने, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणांनी, अर्धंच कळतं. बाठ्यापासून उगवलेलं झाड सहसा लगेच उघडं पडतं (एका बाठ्यातून अनेक कोंब येणाऱ्या जातींत मात्र रोपही हुबेहूब आईसारखं निघू शकतं). पण दोन्ही एकाच मूळ झाडाची कलमं असतील आणि फरक एखाद्या फांदीतल्या उत्परिवर्तनाने आला असेल, तर एसएसआर मार्कर (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी बघणारे) बहुधा दोन्ही सारखीच दाखवतील. सफरचंदात रेड डेलिशसच्या जास्त लाल उपवाणांचं हेच होतं.

सगळ्यात जास्त घोळ पान तोडतानाच होतो. कलमाच्या जोडाखालून फुटलेल्या फांदीचं पान घेतलंत, तर अहवाल खुंटाचा (ज्यावर कलम बांधलं त्या रोपाचा) येईल, मानकुरादचा नाही. तांबूसपणा जाऊन पोपटी झालेलं पान घ्या, पुसा आणि भरपूर सिलिका जेलसोबत पिशवीत बंद करा. आपल्या पावसाळी हवेत जेल लवकर ओलं होतं. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. नाहीतर पान काळं पडतं आणि डीएनए तुटतो.

आंब्याच्या पानात फिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर. म्हणून डीएनए काढताना १०० मिलिग्रॅम पानाला २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारं रसायन) द्रावण, त्यात २ टक्के पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारं), आणि पान तपकिरी पडू नये म्हणून मर्कॅप्टोइथेनॉल ऐन वेळी. ६५ अंशांवर ४५ मिनिटं, मग प्रथिनं वेगळी करायला क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१. तळाचा डीएनएचा गोळा तपकिरी आला तर फिनॉल राहिलंय. शेंबडासारखा ओढला गेला तर शर्करा. मग द्रावणातल्या मिठाचं प्रमाण १.४ वरून २ मोलरवर न्या. प्रकाश शोषणाचं २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर १.८ आलं, म्हणजे प्रथिनं गेली, म्हणून खूश होऊ नका; फिनॉल-शर्करा उरलीय का हे सांगणारं २६०/२३० बघा. ते १ च्या आसपास असेल तर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारी प्रक्रिया) रुसणारच. अशा वेळी डीएनए दहापट पातळ करून बघा, बरेचदा चालून जातं.

आरएपीडी (दुसऱ्या प्रकारचे मार्कर) स्वस्त, पण जेलवरच्या पट्ट्या दर खेपेला बदलतात. त्याच्या नादी लागू नका. १२ ते १५ एसएसआर पुरेत. तुकड्यांच्या लांबीतला दोन बेसचा (डीएनएच्या दोन अक्षरांचा) फरक साध्या अ‍ॅगरोज जेलवर दिसत नाही, बारीक नळीतून तुकडे मोजणाऱ्या कॅपिलरी यंत्रावरच चालवा. दहातला एक नमुना पुन्हा करा आणि खात्रीच्या कलमांचे दोन-तीन नमुने सोबत ठेवा. एखाद्याच मार्करला फरक आला तर आधी तो मार्कर पुन्हा चालवा, नवी जात जाहीर करू नका. विविधतेचे आकडे काढण्याआधी एकसारखी झाडं मोजणीत एकदाच धरा, नाहीतर एकाच कलमाची वीस झाडं सगळं गणित बिघडवतील.