सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली आणि बाबा कोसळले

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेही. पहाटे छातीत जळजळ होऊन त्यांना दरदरून घाम सुटला. शेजाऱ्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली आणि ते चक्कर येऊन पडले. पुढे ॲन्जिओप्लास्टी झाली, त्याला दोन महिने झाले. गोळीने अपाय झाला का? आता दाढ काढायची आहे, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या?

उत्तर : चक्कर त्या गोळीनेच आली असावी. सॉर्बिट्रेट या छातीतल्या कळेवरच्या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. वरचा दाब आधीच ९०च्या खाली असेल, हृदयविकाराचा झटका हृदयाच्या उजव्या बाजूला असेल किंवा रुग्णाने आदल्या दिवशी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेली असेल, तर दाब एकदम कोसळतो. शिवाय हृदयाची रक्तवाहिनी बंद करणाऱ्या गुठळीवर या गोळीचा काहीच परिणाम होत नाही. डॉक्टरांनी आधीच लिहून दिली नसेल, तर ती देऊ नये.

आधी १०८ला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. घरात ७५ची इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) असेल तर चार गोळ्या. नुसत्या गिळल्या तर वरच्या आवरणामुळे उशिरा विरघळतात, म्हणून चावायच्या. रुग्णाला जिना उतरवू नका, खुर्चीत बसवून खाली आणा. मधुमेहींमध्ये छातीत कळ न येता नुसता घाम, धाप किंवा मळमळही होऊ शकते. त्यावर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत सोडा पाजण्यात मोलाचा वेळ जातो. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नये. त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढतात, रक्तातले ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासतात. ईसीजीत मोठा झटका दिसला आणि दोन तासांत ॲन्जिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात घेऊन मग पुढे हलवणे बरे.

आता दाढ. गोळ्या एक दिवसही स्वतःहून बंद करू नका. दोन महिन्यांच्या स्टेंटवर (ॲन्जिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीवर) पेशींचे अस्तर अजून पुरते धरलेले नसते. गोळ्या थांबल्या की तिथे गुठळी होऊन दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जड जातो. दाढेचे रक्त मात्र गॉज अर्धा तास घट्ट चावून धरला, गरजेप्रमाणे टाका घातला किंवा ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधाचा बोळा ठेवला की थांबते. दाढ थांबण्यासारखी असेल तर काही महिने थांबा. पू झाला असेल तर दंतवैद्यांना तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला सांगा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको.